राखेचा आठवडा

"आइसलँडचा ज्वालामुखी काही मला बंद करता येणार नाही, सर. पण तुमची खोली मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. बॅगा वर न्या, पोटभर जेवा, पुढचं सकाळी बघू."

समोरच्या जर्मन दंतवैद्याने मुकाट्याने किल्ली घेतली. पूर्णिमाने रांगेतल्या पुढच्या माणसाकडे पाहून मान हलवली. डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या त्या हॉटेलात ती कित्येक वर्षं रिझर्वेशनचं काम पाहत होती, पण एप्रिल २०१० मधल्या त्या शुक्रवारसारखा दिवस तिने पाहिला नव्हता. ज्वालामुखीची राख आकाशात पसरली म्हणून आदल्या दिवसापासून विमानं बंद होती. दंतवैद्यांची परिषद संपली होती आणि एकही दंतवैद्य घरी जाऊ शकत नव्हता. लॉबीत माणसं सुटकेसवर बसून फोनवर ओरडत होती. समोरचा आवाज जितका चढेल तितका आपला खाली आणायचा, ही पूर्णिमाची जुनी सवय. त्यामुळे मॅनेजरने सगळे चिडलेले पाहुणे तिच्याकडेच लावून दिले होते.

तिचं स्वतःचं रविवारचं प्रागचं तिकीट दुपारीच रद्द झालं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

फोन थरथरला तशी ती चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. फोन प्रागच्या क्लिनिकमधून होता. परदेशी पेशंटची व्यवस्था बघणारी यित्का नावाची मुलगी बोलत होती.

"बातमी चांगली आहे," यित्का म्हणाली. "काल डोनरची बीजं काढली. तुमच्या मिस्टरांचा नमुना होताच. गर्भ छान तयार होतायत. मंगळवारी ट्रान्सफर. पण तुम्ही येणार कशा? आमची सूचना अशी, की आम्ही ते गोठवून ठेवतो. तुम्ही उन्हाळ्यात या."

"गोठवल्याने काही फरक पडतो?"

"शक्यता थोडी कमी होते. खोटं कशाला सांगू?"

पूर्णिमा एकेचाळीस वर्षांची होती. नागपूरची. नवरा शिरीष डब्लिनजवळच्या नास गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टर. डब्लिनमध्ये दोनदा उपचार करून झाले होते, दोन्ही वेळा हाती काही लागलं नव्हतं. मग तिथल्या डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, की तुमची बीजं आता साथ देणार नाहीत, दुसरीची घ्यावी लागतील, आणि इथे ती देणारं कोणी मिळत नाही. नागपूर-मुंबईचा विचार झाला होता. पण तिथे जायचं तर दोघांना लांबलचक रजा हवी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तरं द्यायला हवीत. शेवटी पूर्णिमानेच प्राग शोधून काढलं. तपासण्या डब्लिनला, औषधं नासच्या दुकानातून, बीज तिकडच्या एका मुलीचं. मार्चमध्ये दोघं एकदा जाऊनही आले होते. लोकांना एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवणं हा तिचा रोजचा धंदाच होता. या वेळी पाहुणी ती स्वतः होती, एवढाच फरक.

"गोठवू नका," ती म्हणाली. "मी येते."

"कशा?"

"ते मी बघते. मंगळवारी तुमच्या दारात असेन."

यित्का हसली. मग म्हणाली, "आयर्लंडहून आणखी एक बाई येणार होत्या, त्यांचीही तारीख तीच. कोणी सोबत निघणारं असेल तर माझा नंबर द्या, असं त्यांनी मला सांगून ठेवलंय. देऊ?"

त्या बाईंचं नाव बर्नडेट. लिमरिकजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करायच्या. पूर्णिमाने फोन केला तेव्हा पहिल्याच मिनिटाला त्यांनी 'मला बर्नी म्हण' असं बजावलं आणि दुसऱ्या मिनिटाला प्रश्न अर्धा सोडवला. त्यांचा मामेभाऊ रॉसलेअर बंदरावर कामाला होता. शनिवारी तिथून फ्रान्सला जाणाऱ्या बोटीत तो एका गाडीची जागा करून देणार होता. अडचण एकच.

"मला गाडी चालवता येत नाही," बर्नी म्हणाली. "आणि कॉनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गोठा सोडवत नाही. निम्म्या गायी व्यायच्या आहेत अजून."

"माझ्या नवऱ्याला पेशंट सोडता येत नाहीत. त्याच्या बरोबरचे दोघं सुट्टीवर गेले ते तिकडेच अडकलेत. पण गाडी मी चालवते."

"उजव्या बाजूने चालवलीयस कधी?"

"नाही."

"ग्रँड," बर्नी आयरिश लोकांच्या 'झकास'च्या सुरात म्हणाली. "मग भेटू."

*

शनिवारी सकाळी नासच्या घरात पूर्णिमा बॅग भरत होती. तिच्या सासूबाई महिन्यापूर्वी अमरावतीहून आल्या होत्या. 'ऑफिसच्या कामाला प्रागला जायचंय' असं त्यांना सांगून ठेवलेलं होतं. विमानं बंद असताना बोटीने आणि गाडीने जायचं असलं ऑफिसचं काम काय असतं, हे त्या विचारत नव्हत्या. त्या फक्त परातीत कणीक मळत होत्या आणि मधूनमधून बघत होत्या.

"काहून वं, ऑफिसच्या कामाले एवढ्या गोळ्या लागतेत?"

पूर्णिमाच्या हातात औषधाची पाकिटं होती. तिला खोटं सुचलं असतं. पाहुण्यांना ती दिवसभर गोड शब्दांत काहीबाही सांगतच असायची. पण ही बाई पहाटे उठून आपल्यासाठी दशम्या करतेय, आणि आपण तिच्यासमोर उभं राहून थापा मारायच्या, हे तिला जड गेलं. तिने पाकिटं टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. डब्लिनमधले दोन्ही प्रयत्न, डॉक्टरबाईंचं बोलणं, प्राग, ती मुलगी. काहीही गाळलं नाही.

सासूबाईंचे हात थांबले.

"म्हंजे मूल शिरीषचं. अन् तुह्यं काहीच नाही त्यात?"

हा प्रश्न पूर्णिमाने स्वतःला इतक्या वेळा विचारला होता, की दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला उलट बरंच वाटलं.

"वाढणार माझ्यात आहे, आई. माझ्या रक्तावर. सुरुवात तेवढी माझी नाही."

सासूबाईंनी पुन्हा कणीक मळायला घेतली. पूर्णिमाला वाटलं, आता रडारड होईल, किंवा त्याहून वाईट, अबोला.

"त्या पोरीले दुखलं असन का वं?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणाला?"

"जिनं देल्लं तिले."

"भूल देऊन काढतात. पण त्याआधी बरीच इंजेक्शनं घ्यावी लागतात. नंतर एक-दोन दिवस पोट दुखतं म्हणे."

"मंग घरी गेल्यावर तिले गरम गरम कोन देल्लं असन? माय आहे का तिले?"

पूर्णिमाला ते माहीत नव्हतं. डोनरचं वय आणि केसांचा रंग एवढंच क्लिनिकने सांगितलं होतं. तिची आई आहे का, हे विचारायचं पूर्णिमाच्या मनातही आलं नव्हतं.

"विचारजो तिथं," सासूबाई म्हणाल्या. "अन् तुह्या संगं जी बाई आहे, तिच्यासाठीही देतो दशम्या. तिखट खाते का ते?"

निघताना पूर्णिमाने गाडी हॉस्पिटलच्या आवारात वळवली. शिरीष निळ्या कपड्यांतच बाहेर आला. दोन दिवस तो तिथेच होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याने आधी टायर दाबून पाहिले, मग खिशातून चिकटपट्टी काढून दोन्ही दिव्यांवर एकेक तिरका तुकडा लावला.

"तिकडे उलट्या बाजूने चालवायचं, तर समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो," तो म्हणाला. मग खाली बघत, "मी यायला पाहिजे होतं."

"तुझं काम तू मार्चमध्ये केलंस," ती म्हणाली आणि त्याला हसू आलं. "आईंना सांगितलंय मी सगळं."

शिरीषचा चेहरा उतरला. "काय म्हणाली?"

"घरी गेलास की तूच विचार. दशम्या आहेत तुलाही."

*

रॉसलेअरच्या धक्क्यावर बर्नी छत्री घेऊन उभी होती. पाऊस नव्हता. मोठ्या हाडापेराची, लाल गालांची बाई, वय पूर्णिमापेक्षा दोन-तीन वर्षांनी जास्त. तिने गाडीत बसायच्या आधी खिडकीतून आत डोकावून विचारलं, "तू घरी काय सांगितलंस?"

"खरं ते. आज सकाळी."

"देवा! मी आईला सांगितलंय की मी फ्रान्सला, लूर्डच्या मेरीमातेच्या यात्रेला चाललेय. तिने मेणबत्ती लावायला पैसे दिलेत. आता ती मेणबत्ती कुठे लावू?"

"प्रागमध्ये चर्च पुष्कळ आहेत."

"तेच म्हटलं," बर्नी म्हणाली आणि आत बसली.

बोट खचाखच भरली होती. दोघींनी रात्र खुर्च्यांवर बसून काढली. रविवारी फ्रान्सच्या शेरबूर बंदरात उतरल्यावर पासपोर्टच्या खिडकीशी बर्नी एका क्षणात सुटली. पूर्णिमाचा भारतीय पासपोर्ट मात्र आतल्या तरुण अधिकाऱ्याने उलटसुलट करून पाहिला.

"व्हिसा चेकचा आहे," तो म्हणाला. "हे फ्रान्स आहे."

"विमानं बंद आहेत. प्रागलाच चाललेय, गाडीने."

"इतक्या लांब? एकट्या बायका? काम काय आहे?"

मागे ट्रकवाल्यांची रांग होती. त्यांतले दोघं कान देऊन ऐकत होते. गेली तीन वर्षं पूर्णिमाने हे कोणाला कळू दिलं नव्हतं. हॉटेलात 'डेंटिस्टकडे जाऊन येते' म्हणून ती सुट्टी घ्यायची. पण आदल्या सकाळी स्वयंपाकघरात जे एकदा उघडलं होतं, ते आता पुन्हा झाकायची तिला इच्छा होईना. चिडलेल्या पाहुण्यांशी बोलायच्या त्या खालच्या, सावकाश आवाजात ती म्हणाली, "मला मूल हवंय. तिथल्या डॉक्टरांकडे माझा गर्भ वाढतोय. परवा तो माझ्या पोटात ठेवणार आहेत. मी तिथे नसले तर त्याला ठेवायला जागा नाही."

अधिकाऱ्याचे कान लाल झाले. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा बर्नीकडे पाहिलं.

"माझंही तेच," बर्नी मागून म्हणाली.

शिक्का बसला. "उजव्या बाजूने चालवा, मादाम," तो म्हणाला. एवढंच.

उजवी बाजू सांभाळणं वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. गाडी आयर्लंडची, स्टिअरिंग उजवीकडे. पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर पूर्णिमाला पलीकडचं काही दिसायचंच नाही. दिसायचं ते डावीकडे बसलेल्या बर्नीला. मग बर्नी मान बाहेर काढून बघायची आणि ओरडायची, "थांब, थांब, थांब... आता!" टोलनाकाही बर्नीच्याच बाजूला यायचा. गाडी चालवायला एक आणि बघायला एक, असं करत त्यांनी फ्रान्स ओलांडला. आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि त्यात एकाही विमानाची रेघ नव्हती.

वाटेत एका पेट्रोल पंपामागच्या बाकावर त्यांनी दशम्या सोडल्या. बर्नीने ठेचा बोटाने चाखला, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा चाखला.

"माझी ही शेवटची खेप," ती अचानक म्हणाली. "कॉनला सांगितलंय मी. झालं तर झालं. नाहीतर गायी आहेत, शाळा आहे. तुझं काय?"

"मी शेवटचीबिवटची ठरवलेली नाही."

"तू अशीच दिसतेस. काउंटरवरून कोणाला रिकाम्या हाताने परत न पाठवणारी."

पूर्णिमा हसली. तिला एकदम जाणवलं, की तिला भीती वाटत नाहीये. हॉटेलच्या त्या चादरींच्या खोलीत वाटली होती, थोडीशी. पण आता रस्ता समोर होता, टाकीत पेट्रोल होतं, शेजारी डोळ्यांत तेल घालून बघणारी बाई होती.

जर्मनीत दिवसभर गाडी चालवून सोमवारी संध्याकाळी त्या प्रागला पोचल्या. मंगळवारी सकाळी क्लिनिकच्या दारात यित्का उभी होती. तिने दोघींना कडकडून मिठी मारली. चेक लोक तसं सहसा करत नाहीत, असं तिनेच नंतर सांगितलं. त्या दिवशी परदेशातून यायच्या पेशंटांपैकी या दोघीच पोचल्या होत्या.

पूर्णिमाने सासूबाईंचा प्रश्न विचारला. यित्काने नकारार्थी मान हलवली. डोनरबद्दल काही सांगायची परवानगी नव्हती. मग जरा विचार करून ती म्हणाली, "तिला घरी न्यायला कोणीतरी आलं होतं. एवढं मी सांगितलं तर चालेल."

आत टेबलावर पडून पूर्णिमाने पडद्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी बोटाने दाखवलं तेव्हा कुठे तिला तो पांढरा ठिपका दिसला. शिरीषचा अर्धा, एका अनोळखी मुलीचा अर्धा. 'आता इथून पुढे माझं,' ती मनात म्हणाली. ती बाहेर आली तेव्हा बर्नी आत जात होती. दारात दोघींनी एकमेकींचा हात दाबला. दुपारी जवळच्याच एका चर्चमध्ये बर्नीने आईची मेणबत्ती लावली, आणि शेजारी आणखी एक.

*

निकाल मे महिन्यात कळला. पूर्णिमा दोन रेघांची ती पट्टी हातात धरून न्हाणीघरातच बसून राहिली. शिरीषने दारावर थाप मारली, सासूबाईंनी मारली, तेव्हा तिने दार उघडलं. सासूबाईंनी पट्टीकडे पाहिलंही नाही. सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि देवापुढे साखर ठेवायला गेल्या.

संध्याकाळी बर्नीचा फोन आला.

"माझं नाही झालं," ती म्हणाली. "तुझं?"

पूर्णिमाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पूर्णिमा, गप्प बसू नकोस. झालं ना?"

"हो."

पलीकडे कुठेतरी एक गाय हंबरली. मग बर्नीचा आवाज आला, नेहमीसारखाच मोठा. "मग नीट सांग की! मान बाहेर काढून काढून माझी मान दुखतेय अजून. ती काय उगीच?"

त्यानंतर काही दिवस तिचा फोन आला नाही. पूर्णिमाने केला तर कॉनने घेतला आणि 'ती गोठ्यात आहे' असं दोनदा सांगितलं. पूर्णिमाने तिसऱ्यांदा फोन केला नाही. गाडी काढली आणि सरळ लिमरिकला गेली. बर्नी खरोखरच गोठ्यात होती. दोघी तिथेच दारातल्या दगडी पायरीवर बसल्या. काय बोलल्या ते दोघींनी कधी कोणाला सांगितलं नाही, पण उन्हाळाभर दर महिन्याला बर्नी बसने नासला यायला लागली. येताना परड्यातलं रुबार्ब, म्हणजे लालसर आंबट देठांची जुडी, आणायची. सासूबाईंचा व्हिसा संपत आला होता. जायच्या आधी त्यांनी त्याचं लोणचं घालून पाहिलं. ते कोणालाच आवडलं नाही. बर्नी मात्र बरणी घेऊन गेली.

मुलगी जानेवारीत झाली. सासूबाई तोवर पुन्हा आल्या होत्या. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. डिसेंबरचा बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता, तरी हॉस्पिटलातली आणि डब्लिनच्या कंपन्यांतली मराठी घरं झाडून आली. बैठकीच्या खोलीत पाळणा सजवला. माधवी नावाची शिरीषच्या सहकाऱ्याची बायको बाळाकडे वाकून म्हणाली, "अगंबाई, डोळे घारे आहेत हो! कोणावर गेली?"

"माह्या सासूचे होते घारे," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. शिरीषने चमकून आईकडे पाहिलं. त्याची आजी त्याला चांगली आठवत होती.

नाव सांगायची वेळ आली. शिरीषला बहीण नव्हती, म्हणून आत्याच्या मानाला माधवी पदर खोचून पुढे झाली. सासूबाईंनी हात आडवा धरला.

"थांब वं. आत्या आलेली आहे."

आणि त्या खोलीच्या टोकाला गेल्या. तिथे बर्नी हिरवा स्वेटर घालून, चहाचा कप घेऊन, भिंतीला टेकून उभी होती. सासूबाईंनी तिच्या हातातला कप काढून घेतला आणि तिला दंडाला धरून पाळण्याशी आणलं.

"काय करायचंय मी?" बर्नीने घाबरून पूर्णिमाला विचारलं.

"आत्या म्हणजे बाळाच्या वडिलांची बहीण. नाव पहिल्यांदा तीच सांगते, बाळाच्या कानात. आणि ती वाकली की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात."

"का?"

"कोणास ठाऊक. घालतात."

"ग्रँड," बर्नी म्हणाली. मग हळूच, "नाव काय?"

पूर्णिमाने सांगितलं. बर्नीने ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं आणि पाळण्यावर वाकली. बायकांनी गलका केला. हसत हसत तिच्या रुंद पाठीवर धपाधप हात पडू लागले. पोरं टाळ्या वाजवत होती. एका नावाला लागावा त्याहून कितीतरी जास्त वेळ बर्नी त्या इवल्या कानाशी काहीतरी सांगत होती. मग सांगायची थांबली, तरी ती वर उठली नाही. तिचे खांदे हलत होते.

पहिल्यांदा ते माधवीच्या लक्षात आलं. तिचा हात हवेतच थांबला, मग हलकेच खाली आला. एकेकीचा धपाटा मऊ होत गेला. खोलीतला गलका आपोआप विरला. पाठीवरून नुसते हात फिरत राहिले. सासूबाईंचा तळवा मधोमध, स्वेटरवर पालथा.

मग बर्नी उठली. डोळे तिने पुसले नाहीत. स्वेटर खाली ओढून नीट केला, ताठ उभी राहिली, आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, एकही अक्षर न चुकता म्हणाली, "नंदिनी."